ज्याच्या हातात कांडी

खारबाव, १७ जून २००९

दिना,

वर नमस्कार लिहू की जयभीम, यावर पाच मिनिटं गेली. तू मला नमस्कार करायचीस आणि मी तुला जयभीम, आणि स्टाफरूममधले सगळे हसायचे. शेवटी काहीच लिहिलं नाही. तू काय ते समजून घे.

तुझा नाशिकचा पत्ता सुमितकडून घेतला. तुझा भाऊ मला भिवंडीच्या एसटी स्टँडवर भेटला. चांगला उंच झालाय. "ताईला विचारून देतो," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मी काय परकी आहे का? दे आत्ताच." बिचाऱ्याने तिकिटाच्या मागे लिहून दिला. फोन नंबरही देत होता, तो मीच घेतला नाही. फोन तू कट केला असतास.

दीड वर्ष झालं. शाळा आहे तिथेच आहे. तू शिकवायचीस तेव्हा कंप्युटरच्या खोलीबाहेर मुलांच्या चपलांच्या कशा सरळ रांगा असायच्या! आता नवे सर आहेत, ते मुलांना आत जाऊच देत नाहीत, धूळ जाते म्हणतात. सहाही कंप्युटर आता अंगावर कव्हर घेऊन झोपलेले असतात.

कामाचं बोलते. तुळशीराम सर मुख्याध्यापक झाले. परवा त्यांनी मला बोलावलं. सातवीतल्या पोरांनी एका मुलीचा फोटो काढून त्यावर मिश्या रंगवल्या आणि गावभर पाठवला. सर म्हणाले, "निशाबाई, त्या मॅडमबरोबर तुम्ही वर्षभर बसायच्या. त्यांचा तो मनाचा तास पुन्हा सुरू करा. पाचवी ते सातवी, दर शुक्रवारी एकेक तास." मी हो म्हटलं. म्हणजे काय, नाही कसं म्हणणार?

तुझी ती हिरवी लांब वही पाठवशील का? तू त्यात प्रत्येक तास लिहून ठेवायचीस. रागाचा तास, माफीचा तास, पासवर्डचा तास. मी मराठीची बाई, मला वृत्त आणि अलंकार विचार. या गोष्टी तुलाच जमायच्या.

आणि हो, तुझी कांडी इथेच आहे. जाताना माझ्या टेबलावर विसरून गेलीस. कपाटात नीट ठेवली आहे.

निशाताई


५ जुलै २००९

दिना,

वही आली नाही, पत्रही नाही. पोस्टाला दोष द्यावा तर आमचा पोस्टमन कधी पत्र हरवत नाही.

मग मी आठवून आठवून तास घेतला. कपाटातून कांडी काढली. तुला आठवतं, पहिल्या दिवशी तू ती पर्समधून काढलीस तेव्हा मुलं खदखदून हसली होती. लूमच्या धोट्यातली, सूत गुंडाळायची रिकामी लाकडी कांडी, मुलं रस्त्यात लाथेने उडवतात ती. तुझे वडील पंढरीनाथकाका पंचवीस वर्षं लूमवर, त्यांच्याकडून आणली होतीस. तू म्हणालीस, "लूमवर एवढा आवाज असतो की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. माझे बाबा घरी आल्यावरही ओरडूनच बोलतात. म्हणून इथे एकच नियम. ज्याच्या हातात कांडी, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. आणि इथलं बोलणं इथेच ठेवायचं."

मला वाटलं होतं, ही पोरं काय बोलणार! आणि मग त्या राघोने कांडी हातात धरली, दहा मिनिटं फिरवत बसला, आणि म्हणाला, "मना अंधाराची भीती वाटते." वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा! कोणी हसलं नाही. मला तर रडूच आलं होतं आणि तू टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला होतास.

वज्रेश्वरीची सहल आठवते? गरम कुंडापाशी पोरं धडाधड पाय घालत होती आणि बोंबलत होती. तू म्हणालीस, आधी अंगठा, मग टाच, मग घोटा. रागावलेल्या माणसापाशीही असंच जायचं, एकदम उडी मारायची नाही. मग स्वतःच पाय घसरून कंबरेपर्यंत आत गेलीस! ओल्या साडीने परत येताना बसमध्ये तुला माझी शाल दिली, ती अजून तुझ्याकडेच आहे. राहू दे, मी मागत नाही.

वर्षभरात एवढी हसले नव्हते मी. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी सूनबाई, वहिनी आणि काकी होते. तुझ्याबरोबर डबा खायला बसले की मी नुसती निशा व्हायचे. हे तुला तेव्हा कधी बोलले नाही.

परवाच्या तासाला ऋतिका दारावरून गेली. आता नववीत आहे. आत बघितलं तिने, माझ्या हातातली कांडी बघितली आणि निघून गेली. अजून वर्गात कोणाशी बोलत नाही. हुशार आहे, पेपर पूर्ण लिहिते, पण तोंड उघडत नाही. त्या प्रकाराचा परिणाम, दुसरं काय.

वही पाठव गं.

निशाताई


२६ जुलै २००९

दिना,

आजचं पत्र रागाने लिहिते आहे. तुझ्यावर नाही.

शुक्रवारी मी चिठ्ठीचा तास घेतला. तुझा सगळ्यात गाजलेला तास. एकाने स्वतःविषयी एक वाक्य चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी बाकावरून बाकावर फिरणार, प्रत्येकाने ते वाक्य आपल्या वहीत उतरवून घ्यायचं. फिरून झाल्यावर ज्याची चिठ्ठी त्याला परत. मग विचारायचं, "तुझी चिठ्ठी तुला मिळाली. आता तुझं वाक्य परत मिळालं का?" मुलं आधी हो म्हणतात. मग आजूबाजूच्या वह्यांकडे बघतात आणि गप्प होतात. मोबाईलवरून गेलेली गोष्ट परत का येत नाही, हे असं शिकवायला तुझ्याइतकं कोणाला सुचलं नसतं.

काशी नावाची सातवीतली एक मुलगी आहे, लांब वेणीची, भलती चौकस. तिने हात वर केला. "बाई, ऋतिकाताईची क्लिप अशीच गेलेली ना? ती कोनी काढलेली? मोठी पोरा बोलतान, कंप्युटरच्या मॅडमनी काढलेली, म्हनून त्यांना काढून टाकला."

मी म्हटलं, "आपण आजच्या धड्याविषयी बोलूया."

दिना, कांडी माझ्या हातात होती.

तुझ्याविषयी मुलं असं बोलतात हे मला माहीत नव्हतं, असं लिहायला बसले होते. पण ते खोटं आहे. मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत आहे. तू नाशिकला ज्या शाळेत अर्ज केलास तिथूनही आपल्या शाळेत विचारणा आली होती, आणि कारकुनाने इथलं रेकॉर्ड बघून उत्तर पाठवलं होतं. तुला ती नोकरी मिळाली नाही हे सुमितने मला स्टँडवर सांगितलं. आता क्लासमध्ये शिकवतेस म्हणाला, कुठल्याच क्लासवर टिकू देत नाहीत म्हणाला. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात. माझा घसा दीड वर्ष खवखवतो आहे.

आज इतकंच.

निशा


१६ ऑगस्ट २००९

दिना,

स्वाइन फ्लूमुळे शाळा आठ दिवस बंद आहेत. घरात तोंडाला रुमाल बांधून बसायची आज्ञा आहे. माझं तोंड तसंही बांधलेलंच आहे. म्हणून आज हातानेच सगळं लिहून टाकते. तुला सगळं ठाऊक आहे, पण तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे, हे एकदा कागदावर यायला हवं.

त्या दिवाळीला पाडव्याची ओवाळणी म्हणून प्रितमने मला कॅमेऱ्याचा मोबाईल घेतला. आमच्या घरातल्या बायकांत पहिला. मी तो साडीच्या निऱ्यांत जपायचे. मुलांना शाळेत मोबाईल बंदी होती, आणि ती बंदी घातली होती माझ्याच सासऱ्यांनी, संस्थेचे अध्यक्ष केसरीनाथ पाटील यांनी. शिक्षकांनीही वर्गात न्यायचा नाही, असं स्पष्ट होतं.

दिवाळीनंतरचा तो तास. ऋतिकाने पहिल्यांदाच कांडी घेतली. तिच्या वडिलांनी गोडाऊनसाठी शेत विकलं होतं आणि शर्यतीचा बैलही. ती म्हणाली, "बाबानी शेत इकला. राजाला पन इकला. टेम्पोत भरला तवा तो माझ्याकडं बघत व्हता. सगल्यांना इचारला, मना इचारला पन नाय." आणि दोन्ही हातांत कांडी घट्ट धरून रडायला लागली.

मी वहीखाली मोबाईल धरून ते घेतलं. चेष्टेसाठी नाही गं. मला ते फार सुंदर वाटलं. संध्याकाळी प्रितमला दाखवायचं होतं, की बघ, आपल्याकडच्या मुली कशा बोलतात, बघ आम्ही शाळेत काय करतो. तू बघितलंस. मान हलवून नको म्हणालीस. मी घड्याळ बघितल्यासारखं करून मोबाईल खाली ठेवला. तोवर घेऊन झालं होतं.

मग पुतण्याच्या हळदीसाठी गाणी भरून घ्यायला मी मोबाईलचं कार्ड स्टेशनबाहेरच्या मोबाईलवाल्या हिरामणकडे दिलं. त्याची पद्धत तुला माहीत आहे. गिऱ्हाईकाच्या कार्डातलं सगळं आधी आपल्या कंप्युटरवर उतरवायचं, मग गाणी भरायची. आणि जे उतरवलं ते पुढच्या गिऱ्हाईकाला 'नवीन आलंय' म्हणून भरून द्यायचं. अख्ख्या पंचक्रोशीची कार्डं त्याच्याकडे. तो कोणाचं काय ते बघतही नाही. तुझ्या वर्गात वर्षभर बसून मुलांना पासवर्ड जपायला शिकवणारी मी, स्वतः मात्र घराची किल्ली त्याच्या हातात देऊन आले.

हळदीच्या दिवशी बायका जात्याला हळद लावत होत्या, तिकडे मांडवात पोरं मोबाईलभोवती गोळा झाली होती. क्लिपमधल्या ऋतिकाच्या रडण्यावर कोणीतरी ढोलाचा आवाज चढवला होता. ती ताट घेऊन आली की पोरं ओरडायची, "राजा! ए राजा!" तिचा बाप तिथेच उभा होता. मी पण तिथेच उभी होते, हातात हळदीची वाटी.

जानेवारीतल्या सभेत सासऱ्यांनी विचारलं, "त्या वर्गात मोबाईल कोणी नेला?" तू माझ्याकडे बघितलंस. मी त्या सभेचं इतिवृत्त लिहीत होते, माझं अक्षर चांगलं म्हणून. तू थांबलीस. किती थांबलीस, मी मोजलं नाही, पण मला ओळीभर कोरा कागद दिसत होता. मग तू म्हणालीस, "तास माझा होता. जबाबदारी माझी आहे."

आणि मी लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'श्रीमती धम्मदिना यांनी चूक मान्य केली.' तू चूक म्हणाली नव्हतीस. जबाबदारी म्हणाली होतीस. तो शब्द मी बदलला.

कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तू कंत्राटावर, तुझं आडनाव आमच्यातलं नाही, तुझ्यामागे गावातलं कोणी नाही. अध्यक्षांच्या सुनेवर संशय कोण घेणार? मला घराची अब्रू दिसत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगत होते. मुठीत काय होतं, तर तुझं नाव.

शेवटच्या दिवशी तू माझ्या टेबलावर कांडी ठेवून गेलीस. विसरून गेलीस असं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं. दिना, तू काहीच विसरून गेली नव्हतीस. मला त्याच क्षणी कळलं होतं, म्हणून तर ती कपाटात कोंबली.

मी भित्री आहे. मला तुझी फार आठवण येते. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

निशा


१३ सप्टेंबर २००९

दिना,

हे पत्र बेताने वाच. आधी अंगठा, मग टाच.

गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी सातवीत गेले. मुलांना म्हटलं, "आज चिठ्ठीचा तास पुन्हा. आज चिठ्ठी माझी." सगळी खूश. बाईंचं गुपित कळणार म्हणून वह्या पटापट उघडल्या. मी लिहिलं आणि पहिल्या बाकावर दिलं. पहिला बाक काशीचा.

तिने वाचलं. माझ्याकडे बघितलं. "बाई, ह्या खरा हाय?"

"खरं आहे. उतरवून घे आणि पुढे दे."

चिठ्ठीवर एवढंच होतं, 'ऋतिकाची क्लिप मी काढली होती, धम्मदिना मॅडमनी नाही. निशा पाटील.'

दिना, नुसती पेनं चालत होती. तिसऱ्या रांगेत चिठ्ठी गेली तेव्हा मला वाटलं, धावत जावं आणि हिसकावून घ्यावी. पण तोवर वीसेक वह्यांत गेली होती. तूच शिकवलंस ना, परत येत नाही. शेवटी चिठ्ठी माझ्या हातात आली. सवयीने मी विचारलं, "माझं वाक्य मला परत मिळालं का?" पोरं एका सुरात म्हणाली, "नाय, बाई." आणि मला, हसू नकोस, एकदम हलकं वाटलं.

मग कांडी घेऊन मी सगळं सांगितलं. ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, हे मीच पाळलं नव्हतं, हेही सांगितलं. राघोची धाकटी बहीण त्या वर्गात आहे. ती म्हणाली, "बाई, मंग आता तुमाला पन काढतील?" मी म्हटलं, काढू देत.

घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. त्रेचाळीस वह्या, त्रेचाळीस घरं. मामंजी ओटीवर बसले होते, शेजारच्या मुलीची वही त्यांच्या हातात. "सूनबाय, घरातली गोष्ट घरान ठेवाची व्हती," म्हणाले. "सगल्या गावान माझा हसा झाला." मी म्हटलं, "मामंजी, धम्मदिनाचा तर दीड वर्ष होतोय." प्रितम वडिलांच्या आणि माझ्या मध्ये पडला नाही. पण जेवताना त्याने माझ्या ताटात स्वतः भाकरी वाढली, हे त्याच्यासाठी पुष्कळ आहे.

काल संस्थेची सभा झाली. मी स्वतः मागितली होती. मामंजी म्हणाले, जुनं इतिवृत्त खोडता येत नाही. मी म्हटलं, "खोडायचं नाहीच. खाली नवीन लिहायचं." तुळशीराम सरांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं. चूक कोणाची, जबाबदारी कोणाची, दोन्ही शब्द जिथले तिथे. मामंजींनी खाली सही केली. त्याची प्रत शिक्क्यासकट सोबत आहे. नाशिकच्या त्या शाळेलाही एक पाठवली. माझं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरवतील. जे ठरेल ते ठरेल.

आणि ऋतिका. तिच्याकडे मी आधी जायला हवं होतं, वर्गाच्या आधी. तेही चुकलंच माझं, पुन्हा तिला न विचारताच तिचं नाव चिठ्ठीवर लिहिलं. सोमवारी तीच स्टाफरूमच्या दारात आली. मी उभी राहिले. माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात पुढे केला. मला कळेना. मग कळलं, तिला कांडी हवी होती.

दिली. तिने ती दोन्ही हातांत धरली, अगदी तशीच. बाकीचे शिक्षक पेपर तपासायचे थांबले.

"बाई," ती म्हणाली, "तुमी मना इचारला असता तं मी हो बोलली असती."

एवढंच. कांडी परत दिली आणि वर्गावर गेली. मी खुर्चीत बसून रडले, सगळ्यांसमोर. टेबलाखालून पाय द्यायला तू नव्हतीस.

शुक्रवारी ती मनाच्या तासाला आली. नववीतल्या मुलीला तिथे यायचं काही कारण नाही. मागे बसली. तास संपेपर्यंत बसली.

तुला परत ये म्हणणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. तुझा पत्तासुद्धा मी तुला न विचारता घेतला, सुमित बिचारा विचारतो म्हणत होता. त्याला रागावू नकोस. हिरवी वही तुझीच आहे, तुझ्याकडेच ठेव, मी माझी नवी केली आहे.

या पार्सलमध्ये शिक्क्याच्या कागदाखाली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून कांडी ठेवली आहे. माझं बोलून झालं. आता ती तुझ्या हातात. शिव्या दे, रड, गप्प बस, वर्षभर फिरवत बस. मी इथे ऐकते आहे, मध्ये बोलणार नाही.

निशा